बरंय

शनिवारी सकाळी चहा झाला की घरी फोन करायचा, हा माझा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. आज फोन अण्णांनी उचलला.

"काय अण्णा, कसं काय?"

"बरंय."

आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त शब्द. पाऊस पडला तरी बरंय, नाही पडला तरी बरंय. गुडघा दुखत असला, धंदा बसलेला असला, भावाशी बोलणं बंद असलं, तरी विचारणाऱ्याला उत्तर एकच. या "बरंय"वर एके काळी माझा पूर्ण विश्वास होता. तो कसा उडाला, आणि त्यात अमेरिकेच्या जनगणना खात्याचा काय संबंध, ते आज सांगतो. अण्णांना विचारून लिहितोय. "लिही की, त्यात काय लाजायचं," म्हणाले. मग जरा थांबून, "फक्त गिऱ्हाईकांची नावं घालू नको." :-)

तर गोष्ट २०२० ची. मी तेवीस वर्षांचा, इंजिनिअरिंग संपवून नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. मार्चमध्ये पुण्यातली खोली बंद केली, लॅपटॉप पाठीला मारला आणि कराडला घरी आलो. जूनमध्ये मला नव्या प्रोजेक्टवर टाकलं. क्लायंट अमेरिकेतला, हॉस्पिटलांना आकडेवारीचे डॅशबोर्ड बनवून देणारा. त्यांना हवं होतं ते असं: कोरोनाच्या काळात अमेरिकेचं मन कसं आहे, ते दर आठवड्याला एका आलेखावर दिसलं पाहिजे.

मला वाटलं, मन काय आलेखावर काढायची गोष्ट आहे का? पण डेटा तयार होता. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २३ एप्रिल २०२० पासून 'हाउसहोल्ड पल्स सर्व्हे' सुरू केला होता. लोकांना ईमेल आणि एसएमएस करून एक लिंक पाठवायची, वीसेक मिनिटांची ऑनलाइन प्रश्नावली. नोकरी गेली का, भाडं भरलं का, घरात पुरेसं खायला आहे का, असे प्रश्न. आणि त्यातच चार प्रश्न मनाबद्दल. गेल्या सात दिवसांत किती वेळा घाबरल्यासारखं, अस्वस्थ वाटलं? काळजी आवरता आली नाही असं किती वेळा झालं? कशात रस वाटत नाही असं किती वेळा झालं? खिन्न, निराश किती वेळा वाटलं? उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.

हे प्रश्न जनगणना खात्याने हवेतून काढलेले नव्हते. डॉक्टरांच्या दवाखान्यात डिप्रेशनसाठी वापरतात त्या नऊ प्रश्नांच्या 'पीएचक्यू-९'मधले पहिले दोन, आणि चिंतेच्या तशाच एका प्रश्नावलीतले दोन. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. दोन प्रश्नांचे मिळून तीन किंवा जास्त झाले की माणूस 'लक्षणं आहेत' या रकान्यात. हे निदान नाही, चाळणी आहे. पुढे डॉक्टरने बघायला हवं, एवढंच ती सांगते.

मी फाइल उतरवली, कोड लिहिला, आलेख काढला. आलेखात अमेरिकेतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांना डिप्रेशनची लक्षणं! मीटिंगमध्ये दाखवला. सगळे गंभीर झाले. कुणीतरी म्हणालं, काळच तसा आहे. पुढची स्लाइड.

कॉलवर क्लायंटकडची एक सांख्यिकीतली अनुभवी बाई होती. तिने दोन दिवसांनी एका ओळीचा मेल टाकला: फाइलमध्ये उत्तरांचे कोड शून्यापासून सुरू होतात की एकपासून?

च्यायला! एकपासून. फाइलमध्ये 'अजिबात नाही'ला एक आणि 'जवळजवळ रोज'ला चार. मी एक वजा केलाच नव्हता. आठवड्यात एखाद-दोन दिवस जरासं उदास वाटलं असं सांगणारा प्रत्येक माणूस मी आजाऱ्यांत ढकलला होता. चूक माझी होती, कबूल. पण मला आजही खटकतं ते हे, की मीटिंगमधल्या नऊ जणांपैकी कुणालाच तो आकडा चुकीचा वाटला नाही. आकडा आपल्या मनातल्या भीतीशी जुळला की आपण तो तपासत नाही.

दुरुस्त केलेला आलेखही काही कमी नव्हता. २०१९ च्या पहिल्या सहा महिन्यांत, दुसऱ्या एका सरकारी सर्व्हेत, चिंता किंवा डिप्रेशनची लक्षणं असलेले प्रौढ होते साधारण ११ टक्के. पल्स सर्व्हेच्या पहिल्याच फेरीत, एप्रिल-मे २०२० मध्ये, हा आकडा ३६ टक्क्यांच्या आसपास. पुढे जानेवारी २०२१ मध्ये ४१. म्हणजे दहातले चार जण. तिप्पट-चौपट! पेपरांच्या मथळ्यांना अजून काय लागतं?

पण त्या बाईने मला पुन्हा वर्गात बसवलं. ११ टक्केवाला सर्व्हे कसा झाला? प्रशिक्षित माणसं घरी जाऊन किंवा फोनवर विचारतात. आणि ३६ वाला? मोबाइलवर लिंक. पहिल्या फेरीत सत्तर हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली, ऐकायला प्रचंड वाटतं. पण ज्यांना लिंक गेली त्यांच्यातले चार टक्केसुद्धा ते नव्हते. उरलेले शहाण्णव कोण? ते मजेत होते म्हणून त्यांनी लिंक उघडली नाही, की इतके खचलेले होते म्हणून उघडली नाही? वय, शिक्षण, राज्य यांचं वजन लावून जमेल तेवढी डागडुजी करतात, पण मनाची अवस्था ही काही जनगणनेत नोंदलेली नसते, तिचं वजन कुठून लावणार? पुढे २०२२ मध्ये रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी हा आकडा वर्षानुवर्षं चालणाऱ्या एका टेलिफोन सर्व्हेशी ताडून पाहिला. वाढ होती, पण पल्सवरून दिसते त्यापेक्षा कितीतरी छोटी.

तिने मला आणखी एक गोष्ट वाचायला सांगितली, ती मी आजही ऑफिसात नव्या पोरांना सांगतो. गॅलप कंपनीने जानेवारी २००८ पासून रोज सुमारे हजार अमेरिकनांना फोन लावून त्यांचं कसं चाललंय हे विचारायला सुरुवात केली. त्यात एक प्रश्न शिडीचा. समजा एक शिडी आहे, तळाला शून्य, वर दहा. दहावर तुमचं सगळ्यात चांगलं आयुष्य, शून्यावर सगळ्यात वाईट. तुम्ही आत्ता कितव्या पायरीवर? अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी (यांना पुढे २०१५ चं नोबेल मिळालं) मंदीच्या काळातली ही लाखो उत्तरं तपासली. आणि त्यांना दिसलं की शिडीच्या प्रश्नाआधी देशाच्या राजकारणाबद्दल विचारलं, तर लोक सरासरी अर्ध्या पायरीहून जास्त खाली उतरतात! मंदीत बेकारी जवळजवळ दुप्पट झाली, तिच्यानेही लोक एवढे खाली आले नव्हते. पुढारी आठवले की माणसाला आपलं स्वतःचं आयुष्यही वाईट दिसायला लागतं.. हे आपल्याकडे पारावर कुणीही सांगितलं असतं म्हणा, पण इथे मोजून सिद्ध झालं.

मग असले आकडे फेकूनच द्यायचे का? मीही तिला वैतागून हेच विचारलं. ती म्हणाली, तुझ्या घरातला वजनकाटा दोन किलो जास्त दाखवतो असं समज. वजन किती ते त्यावर कळणार नाही. पण महिन्याभरात तीन किलो घटलं, हे कळेल ना? अट एकच, काटा बदलायचा नाही.

आणि हे खरंच होतं. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तो व्हिडिओ देशभर पसरला. पुढच्याच आठवड्याच्या पल्समध्ये कृष्णवर्णीय अमेरिकनांमधला लक्षणांचा आकडा ३६ वरून ४१ टक्क्यांवर. तोच सर्व्हे, तेच प्रश्न, तीच लिंक, मध्ये फक्त एक आठवडा. ३६ खरा की ४१ खरा यावर खुशाल भांडा, पण मधली ती चढण खरी होती. एका व्हिडिओने लाखो माणसांची झोप उडाली होती आणि ती माझ्या कराडच्या घरातल्या स्क्रीनवर रेघ होऊन दिसत होती.

आता आमच्या घरातलं सांगतो.

अण्णांची छापखान्याची खोली घराला लागूनच आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं. मुख्य धंदा पत्रिकांचाच. वर्षाची कमाई लग्नसराईत. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑर्डरी जोरात होत्या, एप्रिल-मेच्या तारखांच्या पत्रिका छापून गठ्ठे बांधून तयार. आणि लॉकडाऊन लागला. लग्नं पुढे गेली, काही पन्नास माणसांत उरकली. गठ्ठे न्यायला कुणी आलं नाही. अण्णांनी ते भिंतीला तारखेप्रमाणे लावून ठेवले होते. गणपती, चि. आणि चि. सौ. कां., आणि खाली एक होऊन गेलेली तारीख.

माझं काम अमेरिकेच्या वेळेने. रात्री दोन-अडीचला लॅपटॉप मिटायचो. जुलै-ऑगस्टपासून मला दिसायला लागलं की छापखान्याच्या खोलीत दिवा आहे. पहिल्यांदा वाटलं काम करत असतील. मग लक्षात आलं, काम कुठलं? मशीन तर बंद. एकदा जाऊन पाहिलं तर स्टुलावर नुसते बसलेले. "काय अण्णा, झोपला नाही?" "बरंय रे, जरा उकडत होतं." पावसाळ्यात. मी "बरं" म्हणालो आणि झोपलो. माझा लॉगिनचा दिवस लांब होता, दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या मनाची नवी फाइल येणार होती.

ऑक्टोबरमध्ये त्या बाईचा पुन्हा एका ओळीचा मेल आला. तुझ्या कोडमध्ये उणे ९९ चं काय होतं?

पल्सच्या फाइलमध्ये उत्तर नसेल तिथे दोन कोड असतात. उणे ८८ म्हणजे उत्तर आलंच नाही, बहुतेक वेळा माणूस तिथपर्यंत पोचायच्या आधीच सर्व्हे सोडून गेलेला. आणि उणे ९९ म्हणजे प्रश्न समोर आला, पाहिला, पण काहीच निवडलं नाही. मी दोन्ही एका ओळीत गाळून टाकले होते. सगळेच गाळतात, गाळावेच लागतात, त्यांना गुण कसे देणार? पण तिला तो आकडा निदान वेगळा लिहून हवा होता. किती जण गप्प राहिले, ते.

मी रात्री तो आकडा काढत बसलो होतो. प्रश्न समोर आला. पाहिला. काहीच निवडलं नाही. आणि समोर खिडकीतून छापखान्यातला दिवा दिसत होता.

सिनेमात असतं तसं मी काही लगेच उठून त्यांना मिठी मारली नाही. मी इंजिनिअर, मी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांना ते चार प्रश्न विचारले. मराठीत भाषांतर करून! "अण्णा, गेल्या सात दिवसांत तुम्हाला निराश, हताश असं किती वेळा वाटलं?" अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एलआयसी विकायला आलोय. "अजिबात नाही." काळजी? "अजिबात नाही." चारही प्रश्नांना शून्य. जगातल्या कुठल्याही चाळणीतून आरपार.

अण्णा हात धुवायला उठले तशी आई हळू आवाजात म्हणाली, "असलं काय विचारतोस त्यांना? निराश-बिराश ते कशाला म्हणतील. ह्यांचं जेवण बघ. दोन महिने झाले अर्ध्या भाकरीवर उठतायत. मशीनला तेल देत नाहीत. चाळीस वर्षांत असं झालं नाही."

मशीनला तेल देत नाहीत. 'कशात रस वाटत नाही' याचं आमच्या घरातलं भाषांतर हे होतं. ते मला डिक्शनरीत सापडलं नसतं.

त्या रात्री मी छापखान्यात गेलो तो प्रश्न न घेता गेलो. तेलाची बुधली घेतली आणि म्हणालो, "अण्णा, कुठं कुठं घालायचं दाखवा, गंज धरेल." बराच वेळ ते नुसतं बोट दाखवत राहिले. मग म्हणाले, "झोप लागत नाही रे. पडलं की छातीत धडधडतं. वाटतं हे गठ्ठे असेच राहणार." एवढंच. तीन वाक्यं. ती बाहेर यायला चार महिने लागले, आणि मी त्यातला सगळा काळ पलीकडच्या खोलीत लोकांची धडधड मोजत बसलो होतो.

पुढचं थोडक्यात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे धाडलं. अण्णा आधी "मला काय वेड लागलंय का" म्हणून दोन आठवडे अडून बसले. मग आईच्या रेट्याने गेले. सात-आठ महिने औषधं चालली, डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली. पहिला महिना काही फरक नव्हता, मग झोप आली, मग भूक. ते जुने गठ्ठे त्यांनी एक दिवस स्वतःच रद्दीत घातले.

या सगळ्यानंतर मला सवयीने प्रश्न पडला: अण्णांसारखे आपल्याकडे किती? अमेरिकेचं मन तेव्हा सतत मोजत होते, आपलं कोण मोजतं?

मोजलंय. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यं, घरोघरी जाऊन ३९,५३२ जणांच्या मुलाखती. लिंक नाही, समोर बसून. प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आणि ज्यांना उपचारांची गरज होती त्यांच्यातले, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के उपचारांविना. चांगलं, मेहनतीचं काम आहे. पण त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आणि आणखी एक आकडा मला अडकवून ठेवतो. महानगरांमध्ये १३.५ टक्के, ग्रामीण भागात ६.९, आणि महानगरं सोडून बाकीच्या शहरांत, म्हणजे कराडसारख्या ठिकाणी, सगळ्यात कमी, ४.३. खरंच आमच्यासारख्या गावांत माणसं सुखी आहेत? असतीलही. की दारात आलेल्या अनोळखी माणसाला आम्ही "बरंय" म्हणतो?

आपल्याकडे वर्षानुवर्षं, न चुकता, राज्यवार मोजली जाते ती एकच गोष्ट. आत्महत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दर वर्षाचा अहवाल काढतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४, आणि त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. आणि ही नोंदही पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेल्यांचीच.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे क्रॅश लॉग आहेत. सर्व्हर पडला की एक ओळ लिहिली जाते. पण कुठलाही शहाणा ॲडमिन फक्त क्रॅश लॉग बघून सर्व्हर सांभाळत नाही. मेमरी किती भरली, लोड किती चढला, हे तो रोज बघतो, पडायच्या आधी. अण्णांचं नाव त्या अहवालात कधीच आलं नसतं, देवाची कृपा. पण ते चार महिने कुठल्याच अहवालात नाहीत.

म्हणून मला वाटतं, मोजायला हवं. दहा वर्षांतून एकदा नाही, दर वर्षी; आणि त्याच प्रश्नांनी. आकडा थोडा चुकला तरी चालेल, काटा बदलू नका. प्रश्न विचारताना "निराश" हा पुस्तकी शब्द चालतो का, की "करमत नाही", "जेवण जात नाही", "छातीत धडधडतं" असं विचारायला लागेल, हे आधी गावोगावच्या आयांना विचारा. आणि गप्प राहिले त्यांचा रकाना गाळू नका.

पण आलेखाकडून जे होणार नाही तेही मला कळलंय. देशाचा आकडा देशाला उपयोगी, किती डॉक्टर लागतील, कुठे लागतील, ते ठरवायला. शेजारच्या खोलीत दिवा का जळतोय, हे तो सांगणार नाही. तिथे उठून जावंच लागतं. आणि जाणारा कुणी नसेल, किंवा स्वतःचाच दिवा जळत असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट आणि चोवीस तास. नंबर सेव्ह करून ठेवा, लागलाच तर.

असो. मघाचा फोन अर्धाच सांगितला. अण्णा "बरंय" म्हणाले, त्यावर मी आता दुसरा प्रश्न विचारतो. दर शनिवारी तोच, न बदलता.

"मशीनला तेल घातलं का?"

"घातलं की, सकाळीच. आज एक ऑर्डर आलीय. दोनशेच आहेत, बाकी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवणार म्हणे. चालायचंच. तू जेवतोस का नाही वेळेवर?"

"बरंय," मी म्हणालो.

पलीकडे जरा शांतता. मग अण्णा म्हणाले, "बरंय म्हणजे काय रे?"